जिन्यावरचा स्कायलाइट आणि पार्ल्यातले फॅब्रिकेटर: एका कामाचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण पावसाळ्याच्या तोंडावर हे वाचणाऱ्याला लांबण ऐकायला वेळ नसतो. आमच्या जिन्यावरचा स्कायलाइट, म्हणजे उजेडासाठी स्लॅबमध्ये ठेवलेलं झरोक्यासारखं छप्पर, कित्येक पावसाळे गळत होता, तो २०२५ च्या पावसात गळला नाही. काम पार्ले पूर्वेतल्याच एका अॅल्युमिनियम फॅब्रिकेटरने केलं. खर्च ४१,५०० रुपये. त्यांचं नाव आणि फोन नंबर देत नाही, कारण ते आणि त्यांचा पुतण्या असे दोघंच काम करतात आणि नंबर जाहीर टाकू नका असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण काम कसं केलं ते मात्र बारकाईने लिहिते. ती पद्धत कळली की आपल्या भागातला चांगला माणूस तुम्हाला ओळखता येईल.

आमचं घर तळमजला अधिक एक, सासऱ्यांनी बांधलेलं. जिन्याला पूर्वी बाजूने मोठी खिडकी होती. शेजारच्या प्लॉटवर सात मजली इमारत उभी राहिली आणि खिडकीतून येणारा उजेड संपला. भर दुपारी जिन्यात दिवा लावावा लागायचा. तेव्हा सासऱ्यांनी इंजिनिअरला दाखवून, रीतसर आधार देऊन, जिन्यावरच्या स्लॅबमध्ये चार बाय सहा फुटांची जागा मोकळी करून घेतली. चारी बाजूंनी विटांचा कट्टा, त्यावर लोखंडी अँगलची चौकट आणि वर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या मजबूत प्लास्टिकची, शीट. सकाळी दहाच्या सुमाराला त्या शीटमधून ऊन खाली उतरतं, ते थेट तळमजल्याच्या पायऱ्यांपर्यंत येतं. सासरे गेले, पण त्यांनी घरात आणलेला हा उजेड आहे, आणि तो बंद करायची माझी अजिबात तयारी नव्हती.

हे मुद्दाम सांगते, कारण ज्याला ज्याला बोलावलं त्याचा पहिला सल्ला हाच असायचा: 'बंद करून टाका. वर स्लॅब घाला, कटकट मिटेल.' एकाने तर जुन्या घरात असलं काही ठेवतच नाहीत म्हणून सांगितलं. ठेवतात. कोकणात आणि गिरगावातल्या कौलारू घरांत काचेचं कौल पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ते नीट बसवलेलं असेल तर गळत नाही. छपरातून उजेड घ्यायचा आणि पाणी बाहेर ठेवायचं, हे काम आपल्याकडच्या सुतारांना पूर्वीपासून येत होतं.

आमच्याकडे त्रास असा होता: जोराचा पाऊस आला की चौकटीच्या पूर्वेकडच्या, म्हणजे खालच्या कडेवरून थेंब पडायला लागायचे. ते वरून चौथ्या पायरीवर पडायचे. दक्षिणेकडच्या भिंतीवर ओल उतरायची, रंगाचे पोपडे सुटायचे, खाली पांढरा लोणा धरायचा. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि देवपूजेसाठी रोज वर येतात. गुळगुळीत कडाप्प्याच्या पायऱ्या, त्यावर पाणी. पावसाळाभर आम्ही पायरीवर तरटाचं पोतं आणि बादली ठेवायचो आणि त्यांना हाताला धरून वर आणायचो. हे चार महिने दरवर्षी मनावर ताण असायचा.

इलाज म्हणून दर मे महिन्यात कोणीतरी यायचं, गनने सिलिकॉन मारायचं, तीन-चार हजार घ्यायचं आणि जायचं. जिथे थेंब दिसतो त्या खालच्या कडेला सिलिकॉनचा थर एवढा जाड झाला होता की चौकट दिसेनाशी झाली होती. शेवटी एका वॉटरप्रूफिंगवाल्याने गच्चीवर पाच मिनिटं फेरी मारली आणि सांगितलं, स्कायलाइटचा काही संबंध नाही, तुमचा स्लॅबच गळतोय. सगळी गच्ची उखडून नव्याने करायचं कोटेशन दिलं १,८५,००० रुपयांचं. आमचे हे जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटलं, थांबा.

थांबवायला माझ्याकडे कारण होतं. मी आयुष्यभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. जे दिसेल ते लिहून ठेवायची सवय हातात बसली आहे. एका वहीत मी नोंदी ठेवल्या होत्या: पाऊस कधी लागला, वारा कुठून होता, पहिला थेंब कधी पडला, पाऊस थांबल्यावर थेंब कधी थांबले. ही वही मी प्रत्येकाला दाखवायला काढायची आणि प्रत्येक जण 'हो हो मॅडम' म्हणून शिडीकडे वळायचा.

हे फॅब्रिकेटर आले ते एप्रिलमध्ये, आमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनींच्या ओळखीने. पाहणीचे १,५०० रुपये घेतो, काम दिलंत तर बिलातून वजा करतो, असं फोनवरच स्पष्ट सांगितलं. पैसे घेऊन पाहणी करणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण फुकट पाहणी करणाऱ्याला काहीतरी विकूनच जायचं असतं. आल्यावर गच्चीवर न जाता ते आधी जिन्यात बसले. मी वही दिली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि चहा थंड होईपर्यंत पानं उलटत राहिले. मग प्रश्न विचारले. सरळ धो धो पावसात जास्त गळतं की वाऱ्याच्या पावसात? थेंब गढूळ असतो की स्वच्छ? पाऊस नसतानाही कधी ओलं दिसतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहीतच होतं. वारा नसताना कितीही पडला तरी पायरी कोरडी. पश्चिमेकडून, नैऋत्येकडून झोडपून आला की काही मिनिटांत थेंब. आणि पाऊस थांबला की थोड्याच वेळात थेंबही बंद.

'ताई, स्लॅब असा गळत नाही,' ते म्हणाले. 'कोबा आधी पाणी पितो, मग सावकाश सोडतो. स्लॅबची गळती पावसानंतर तासांनी सुरू होते आणि ऊन पडलं तरी चालू राहते. तुमचा थेंब पावसाबरोबर येतो नि पावसाबरोबर जातो. पाणी जवळूनच शिरतंय.'

मुंबईत गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा असतो, चांगला चार-पाच इंच जाड. त्यात मुरलेलं पाणी लगेच खाली येत नाही आणि लगेच संपतही नाही. एवढी साधी गोष्ट, पण १,८५,००० रुपयांचं कोटेशन देणाऱ्याने ती विचारात घेतली नव्हती. ज्यांच्या घरी गळती आहे त्यांनी घड्याळ घेऊन हे आधी बघावं: पाऊस आणि थेंब यांच्यात अंतर किती? गळतीबद्दल यापेक्षा उपयोगाची माहिती दुसरी नाही, आणि तिला एक पैसा लागत नाही.

पाऊस नसताना ओलं दिसतं का, या प्रश्नाने मी थबकले, कारण दिसत होतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शीटच्या आतल्या बाजूला दव जमायचं आणि एखाद-दुसरा थेंब पायरीवर पडायचा. त्यांनी सांगितलं, हे पाणी वेगळं आहे. थंडीतल्या निरभ्र रात्री छपरावरची पातळ शीट आणि लोखंडी चौकट चटकन गार होते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची दमट हवा जिन्यातून वर चढते आणि गार पृष्ठभागाला लागून तिचं पाणी होतं. त्याला कितीही सिलिकॉन मारा, ते आतच तयार होतंय. म्हणजे आमच्याकडे दोन वेगवेगळी पाणी होती आणि इतकी वर्षं दोघांवर एकच औषध चाललं होतं.

मग गच्चीवर पाण्याची चाचणी केली. यासाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देईन. पुतण्या बागेचा पाइप घेऊन वर, ते स्वतः बॅटरी घेऊन आत शिडीवर, आणि मी मधल्या पायरीवर वही घेऊन. नियम एकच: सगळ्यांत खालून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच जागा भिजवायची. वरून पाणी मारलं तर ते ओघळून सगळीकडे जातं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आम्ही प्रयोगशाळेत मुलांना हेच शिकवायचो, एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्यांदा कट्ट्याच्या बुडाशी, जिथे गच्ची आणि कट्टा जुळतात तो वाटा, ओल्या गोणपाटांनी अडवून पाणी साठवलं. आत कोरडं. मग कट्ट्याच्या बाहेरच्या भिंती. कोरडं. मग खालची, पूर्वेची कडा, जिथे दरवर्षी सिलिकॉन मारलं जायचं. पाइप बराच वेळ धरला, आत एक थेंब नाही. बाजूच्या कडा, कोरडं. शीटचा मधला भाग, तिथे दक्षिणेच्या एका स्क्रूच्या भोकातून थोडी ओल आली. वरच्या, पश्चिमेच्या कडेवर सरळ वरून पाणी सोडलं. तरी काही नाही. मग त्यांनी पुतण्याला सांगितलं, आता गच्चीवर बस, पाइपाच्या तोंडावर अंगठा धर आणि वाऱ्याचा पाऊस येतो तसा पश्चिमेकडून आडवा फवारा मार. थोड्या वेळात थेंब आला. आला तो मात्र पूर्वेच्या कडेला, नेहमीच्याच जागी.

पाणी पश्चिमेला शिरत होतं आणि पूर्वेला पडत होतं. वरच्या कडेला शीट आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिला पुढून काहीही झाकण नव्हतं. वाऱ्याबरोबर पाणी त्या फटीत ढकललं जायचं, अँगलच्या खाचेतून उताराने खाली यायचं आणि पूर्वेच्या कडेला साठायचं. सासऱ्यांनी चौकट करून घेतली तेव्हा अँगलला खालच्या बाजूला पाणी बाहेर जायला बारीक भोकं ठेवली होती. दरवर्षीच्या सिलिकॉनने ती सगळी बुजून गेली होती. बाहेरची वाट बंद, म्हणून पाणी अँगलची कड ओलांडून आत पडत होतं. म्हणजे ज्या उपायावर आम्ही पैसे घालत होतो त्यानेच गळती वाढवली होती. पुतण्याने पटाशीने सिलिकॉनचा पट्टा सोलला तेव्हा आत अडलेलं गंजाचं काळपट पाणी बाहेर वाहिलं.

या सिलिकॉनबद्दल थोडं. दुकानात स्वस्तात मिळणारं साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं. हे लोखंडाला गंजवतं आणि सिमेंटच्या पृष्ठभागाला नीट चिकटत नाही. अशा कामाला न्यूट्रल सिलिकॉन लागतं, ज्याला तो वास नसतो. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. वर थर चढवणं म्हणजे पैसे वाया. जुनं पूर्ण खरवडून, पुसून, कोरडं करूनच नवं लावायचं. पुसतानाही थिनर वापरायचा नाही, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. बाटली बघून मला आपल्या माणसाची भेट झाल्यासारखं वाटलं.

आता काम. जुनी शीट पिवळी पडली होती, तिच्या पोकळ कप्प्यांत शेवाळ वाढलं होतं, ती काढलीच. काच घालू या असं ह्यांचं मत होतं. फॅब्रिकेटरांनी हिशोब मांडला: डोक्यावर काच बसवायची तर ती फुटली तरी तुकडे जागीच धरून ठेवणारी लॅमिनेटेड हवी, आणि बारा मिलीमीटर जाडीची घेतली तर या मापाला पासष्ट-सत्तर किलो वजन होतं. तेवढ्याच मापाची दहा मिलीमीटरची पोकळ पॉलिकार्बोनेट शीट चार-पाच किलोत बसते. शिवाय आमच्या मागच्या अंगणात माड आहे आणि झावळी पडली की कुठे पडेल सांगता येत नाही. शीट ठरली. तिचा तोटा असा की ती काचेइतकी वर्षं टिकत नाही, उन्हाने हळूहळू पिवळी पडते आणि तिच्यातून आकाश स्पष्ट दिसत नाही, नुसता पसरलेला उजेड येतो. आमच्या जिन्याला तो पुरतो.

शीट बसवण्यात इतक्या बारीक गोष्टी आहेत याची मला कल्पना नव्हती. बहुतेक शीटची एकच बाजू उन्हापासून वाचवणारा थर लावलेली असते, ती वरच हवी. कोणती ते वरच्या प्लास्टिकवर छापलेलं असतं, म्हणून ते प्लास्टिक आधीच ओढून टाकू द्यायचं नाही. पोकळ कप्पे उताराच्या दिशेने यायला हवेत, आडवे नकोत. वरची टोकं अॅल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद करायची. खालची टोकं हवा जाईल पण धूळ-किडे जाणार नाहीत अशा टेपने झाकायची, म्हणजे आत जमलेली वाफ बाहेर निघते. आमची जुनी शीट दोन्हीकडून उघडी होती, शेवाळ त्यामुळेच.

आणि स्क्रू. पॉलिकार्बोनेट उन्हात फार वाढतं. मी घरी गणित करून पाहिलं: सहा फुटी शीट चाळीस अंशांच्या फरकात पावणेपाच मिलीमीटर लांब होते, तर लोखंडी चौकट एक मिलीमीटरसुद्धा होत नाही. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली तापलेली दुपार यांच्यात गच्चीवर एवढा फरक सहज पडतो. शीट घट्ट आवळलेली असेल तर ती स्क्रूलाच रेटते, भोकं लांबट होतात आणि मग त्यातून पाणी. म्हणून यावेळी शीटला आरपार स्क्रू मारलाच नाही. चारी कडांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यात ईपीडीएम रबराची गॅस्केट, आणि शीटला सरकायला दोन्ही टोकांना जागा. पट्ट्यांचे स्क्रू स्टेनलेसचे. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये रबर. जुहूचा समुद्र जवळ आहे, हवेत खार असतो, आणि दोन धातू टेकले की एकाला दुसरा खातो. हे मला समजावून सांगावं लागलं नाही, पण न विचारता त्यांनी केलं याचा आनंद झाला.

त्याआधी कट्टा. बांधला तेव्हा तो गच्चीपासून सहा इंच वर होता असं ह्यांना आठवतं. मधल्या काळात कोब्यावर पुन्हा एक थर आणि चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) झालं, गच्ची वर आली आणि कट्टा पूर्वेकडे जेमतेम तीन इंच उरला. पावसाळ्यात गच्चीची जाळी पानांनी तुंबली तर पाणी तिथपर्यंत यायला वेळ लागत नाही. मुंबईतल्या जुन्या गच्च्यांवर हे सर्रास दिसेल. प्रत्येक वॉटरप्रूफिंग गच्ची उचलतं आणि कट्टे, उंबरे बुडत जातात. त्यांच्या ओळखीच्या गवंड्याने कट्टा पूर्वेला आठ इंच आणि पश्चिमेला साडेचौदा इंच केला, म्हणजे सहा फुटांत साडेसहा इंच उतार मिळाला, साधारण पाच अंश. पूर्वी याच्या निम्माही नव्हता, त्यामुळे धूळ आणि पानं शीटवरच बसून राहायची.

कट्ट्यावर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे सांधे झाकून पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या, बसवलं. कौलं घालतात तसंच खालून वर: आधी पूर्वेची पट्टी, तिच्यावर चढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या, आणि सगळ्यांच्या वर पश्चिमेची. प्रत्येक सांध्यात चार इंचांचा चढाव. वरची पट्टी पुढे वाकवून शीटवर उतरवली, म्हणजे आडवा पाऊस आता फटीत शिरण्याऐवजी पत्र्यावर आपटतो. सिलिकॉन कोपऱ्यांत थोडं लावलं, तेवढंच. 'सिलिकॉन उद्या सुटलं तरी पाणी आत जायला नको, असं पत्र्यानेच बसलं पाहिजे,' हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

दवाच्या पाण्यासाठी चौकटीच्या आत चारी बाजूंनी छोटी पन्हळ दिली. शीटवरून ओघळलेला थेंब तिच्यात पडतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जातो. उत्तरेच्या कट्ट्यात, पावसाच्या आडोशाला, जाळी लावून दोन झरोके ठेवले. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा लावा असं सांगितलं, तो आम्ही इलेक्ट्रिशियनकडून वेगळा लावून घेतला. त्याचा खर्च वरच्या आकड्यात नाही.

तक्रारी आहेत, त्या लिहायलाच हव्यात. ठरलेल्या वेळेला ते एकदाही आले नाहीत. फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सातनंतर उलट फोन करतात, आणि तोवर गवंडी दारात बसून असतो. जुनी शीट काढल्यावर नवी यायला उशीर झाला आणि तेवढे दिवस स्कायलाइटवर ताडपत्री होती. मे महिन्यात हे चालून गेलं, पण थोडक्यात. गवंड्याने चायना मोझॅकचे तुकडे आणि सिमेंटची घाण गच्चीच्या जाळीपाशी तशीच सोडली होती, ती आम्ही उचलली. दक्षिणेच्या फ्लॅशिंगला ठोकताना पोचे आले आहेत, पाणी अडत नाही पण दिसायला वाईट दिसतं. आणि हमी लेखी द्यायला त्यांनी आढेवेढे घेतले. शेवटी बिलावर हाताने लिहून दिलं: सांधे आणि फ्लॅशिंगची तीन वर्षं. शीटची दहा वर्षांची वॉरंटी कंपनीची आहे, तिचं कार्ड मात्र न मागता आणून दिलं. आजन्म गॅरंटीच्या गोष्टी करणाऱ्यांपेक्षा मला ही तीन वर्षं खरी वाटतात.

ताडपत्रीचं थोडक्यात निभावलं म्हटलं ते यासाठी की २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मेलाच आला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. तोवर शीट आणि फ्लॅशिंग बसलं होतं, आतला गिलावा राहिला होता. ज्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या भरवशावर कामं काढली होती त्यांचे त्या वर्षी फार हाल झाले. गच्चीचं कोणतंही काम एप्रिलअखेरीला संपेल असंच धरावं. मुंबईत चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याला आपल्या वेळापत्रकाशी देणंघेणं नाही.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. १८ आणि १९ ऑगस्टला पावसाने मुंबई झोडपली, १९ ला शाळा-कॉलेजांना सुट्टी द्यावी लागली. वारा होताच. मी वही घेऊन जिन्यात बसले होते, बॅटरीने चौकटीचा कोपरा न्‌ कोपरा पाहिला, पन्हळीत बोट फिरवलं. सगळं कोरडं. पायरीवरचं पोतं मी आधीच काढून टाकलं होतं. सासूबाई कठड्याला धरून आपल्या आपण वर आल्या, पूजा करून खाली गेल्या. त्या दिवशी मी फॅब्रिकेटरांना फोन केला, तो अर्थातच उचलला नाही. रात्री त्यांचा आला आणि मी सांगितल्यावर त्यांनी पहिलं हे विचारलं की दक्षिणेच्या कोपऱ्यात नीट पाहिलंत का, तिथे पोचे आलेत. हा प्रश्न स्वतःहून विचारणारा माणूस मला पुन्हा बोलवायला आवडेल.

थंडीत पहाटे शीटला दव अजूनही थोडं धरतं, पण ते पन्हळीत जातं. भिंतीचा रंग मात्र लगेच काढू नका. आमची दक्षिणेची भिंत गळती थांबल्यावरही कितीतरी आठवडे पाणी सोडत होती आणि लोणा येत होता. ओल्या भिंतीवर पुट्टी केली की ती सुटणारच. लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहायचा, पाण्याने धुवायचा नाही, आणि भिंत पूर्ण वाळल्यावर रंग द्यायचा. आम्ही तो उन्हाळ्यावर ठेवलाय.

देखभाल म्हणून त्यांनी सांगितलं ते एवढंच: मे महिन्यात शीट साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवायची, खालची भोकं काडीने मोकळी करायची आणि तिथे कुणालाही, अगदी त्यांच्या पुतण्यालासुद्धा, सिलिकॉन मारू द्यायचं नाही.

असं काम करून घ्यायचं असेल तर आपल्या भागातल्या फॅब्रिकेटरला आधी विचारा की पाण्याची चाचणी करणार का आणि कुठून सुरू करणार. 'खालून' असं उत्तर आलं तर पुढे बोला. आणि तुमचा थेंब पाऊस थांबल्यावर तासन्‌तास चालू राहत असेल तर मात्र आमच्या ह्या फॅब्रिकेटरांचा उपयोग नाही. स्लॅबचं काम ते घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात आणि पाहणीचे पैसेही घेत नाहीत.